एका 'काऊन'साठी आष्टीच्या पल्याड

सेवाग्रामच्या दवाखान्याच्या धुलाईत माह्यासंग ज्या बायायनं चादरी पिळल्या, त्या अजून बी मले इचारते, "सुभद्राबाई, तुमची शालू कायदा शिकली म्हणता, तं काळा कोट काऊन नाई घालत? विलायतेत बसून करते तरी काय?" आजपावतर म्या हसून टाळलं. मले स्वतालेच धड मालूम नव्हतं, तं सांगू काय? पण यंदा पुसाच्या महिन्यात शालू घरी आली, आन् आमी मायलेकी आष्टीच्या पल्याड आमच्या जुन्या गावाले जाऊन आलो. त्या वाटंनं तिचं काम मले समजलं. चवथी शिकली मी, तेवढ्या अक्षरात जमन तसं लिहितो. आष्टीकडं तुमच्यातलं कोणी गेलं नाई, म्हणून वाट बी सांगतो.

शालू नागपूरले कायदा शिकली आन् तिथंच कालेजात शिकवाले लागली. मंग तिच्या डोक्यात आलं का कायदा यंत्राले बी शिकवून पाहावं. संगचे सर लोक हासले. एक जण म्हणे, "मॅडम, यंत्राच्या मापाचा कोट कोण शिवन?" शालू अशीच हाय, बोलत नाई आन् सोडत बी नाई. परीक्षा देल्ली, विलायतेच्या विद्यापीठात गेली. तिथं कपाटाएवढं यंत्र हाय म्हणते, आन् त्याले उन्हाचा तरास होते म्हणून खोली थंडी ठेवते. मी धुलाईच्या भट्टीपासी उभी राहून जलम काढला, आन् यंत्राले उन्ह सोसत नाई! ते यंत्र एकामांगं एक प्रश्न इचारते, आपण उत्तर द्याचं, मंग ते सांगते का कायदा कोणाच्या बाजूनं हाय. बाकीचे लोक निकालाच्या मांगं लागले, माही शालू 'काऊन'च्या मांगं लागली. तिचं म्हणणं, यंत्रानं निकाल देल्ला तं माणसाले इचारता आलं पाह्यजे, काऊन? आन् यंत्रानं पायरी-पायरीनं सांगतलं पाह्यजे.

हे तिच्या डोक्यात कुठून आलं, ते मले मालूम हाय.

शालूचे बाबा तापानं गेले तवा ती माहं बोट धरून चालत होती. आमच्या हिश्शाचं वावर येगळं होतं, सासऱ्यायनंच वाटणी करून देल्ली होती, पण तोंडी. भासरे म्हणाले लागले, वाटणी झालीच नाई. भासरे म्हंजे माह्या मालकाचे मोठे भाऊ. गावातल्या कडूलिंबाखाली पाच पंच बसले आन् वावर भासऱ्यायले देल्लं. कारण काई सांगतलं नाई. आमच्याकडं निकाल झाला का पंच दोघायच्या हातावर गूळ ठेवते. खाल्ला म्हंजे मान्य. म्या हातावरचा गूळ खाली ठेवला, पोरीले कडेवर घेतलं आन् निंघाली. तवापासून गूळ तोंडाले लावला नाई. दाताले बरं हाय.

शालूनं हाच मामला यंत्राले घातला. यंत्र म्हणे, वावर बाईचं, आन् कारणं बी देल्ले. तवा तिथले मोठे सर म्हणाले, "ठीक हाय, पण त्या पाच माणसायनं उलटं काऊन सांगतलं? त्यायचं कारण नाई तं तुह्यं काम अर्धंच." फागुनात तिचं भाषण होतं, त्याच्यावरच तिथली कायमची नोकरी ठरणार होती. म्हणून ती आली. पाचातला एकच पंच आता जिता होता.

आन् मले बी जाचं होतं. पंच खोट्याच्या विरोधात जाते, असं आमच्याकडं म्हणते. तं पाच शहाण्या माणसायले मी खोटी वाटली का? वाटली तं काऊन? हा काटा पायात घेऊनच मी एवढे वर्ष चालली.

पुलगाव ते आर्वी

वर्ध्याहून पुलगाव मोठी गाडी, आन् पुलगावहून आर्वीले लहान गाडी. लहान म्हंजे खरंच लहान. डब्बा डोलते, इंजिन खोकते, आन् पुऱ्या जोरात धावली तरी बाजूच्या वाटंवरची सायकल पुढं निंघून जाते. चहावाल्यानं हातात कप देल्ला, शालूनं लगेच इचारलं, "भाऊ, गुळाचा का साखरंचा?"

"गुळाचा, ताई."

"मंग मायले नको."

चहावाला माह्याकडं पाहून म्हणे, "माय, साखरंचा रोग असते म्हणते लोकायले. तुमाले गुळाचा हाय का?"

दोन्हीकडं कापसाची पऱ्हाटी फुटलेली, वावरंच्या वावरं पांढरे. मधात तूर, मधात हिरवागार हरभरा. एका जागी गाडी उभी राह्यली. काऊन ते गाडीलेच मालूम. लोक उतरले, शालू बी उतरली, आन् पाह्यतो तं काय, विलायतेची मास्तरीण हरभरा उपटून राह्यली! तेवढ्यात इंजिन खोकलं. हिच्या दोन्ही हातात डहाळे, खांद्यावर टेपरेकाडाची पिशवी, आन् चप्पल एक पायात, एक रुळावर. गार्ड वरडला, "ओ बाई, जेवण मांगून करजा!" दोघा बायायनं तिले वर ओढलं.

"तुह्या यंत्राले इचार," म्या म्हणलं, "ही चोरी होये का नाई."

शालू दम घेत हासली. मंग यंत्रावानीच इचाराले लागली, "मालक वावरात होता?"

"होता. बांधावर बसून होता बुढा."

"त्यानं पाह्यलं?"

"पाह्यलं. हात हालवला, घे म्हणून."

"मंग चोरी नाई."

"काऊन?"

"काऊन का मालकानं घेऊ देल्लं." आन् एक घाटा सोलून माह्या तोंडात घातला. "माय, माहं यंत्र एवढंच करते. बस."

अशी मी हरभरा खाता-खाता शिकली, जे तिनं मले यंत्राचे फोटो दाखवून समजावलं तवा नव्हतं समजलं.

आर्वी

आर्वीच्या खानावळीत भाकर, अंबाडीची भाजी आन् वर कच्चं तेल. आमच्या सेवाग्रामाकडं तिखटाचा हात जरा दबलेला, तिकडं भाजीनं डोळे उघडते. शालूच्या डोळ्याले पाणी आलं तं वाढणारी बाई म्हणे, "काय व पोरी, सासरी चालली का?"

जेवून मी तिले जुन्या जिनापासी, म्हंजे कापसातली सरकी काढाच्या कारखान्यापासी, घेऊन गेली. गाव सोडल्यावर पहिला हंगाम म्या तिथंच काढला. कापसाची धूळ नाकातोंडात, सांजच्याले थुंकलं का पांढरं पडे. शालू रुईच्या ढिगावर झोपून राहे, आन् तिले शोधासाठी मले ढिगात हात घालून पाहा लागे. संगच्या बाया गाव इचारत. मी खरं गाव सांगत नव्हती. कारंज्याकडचं एक नाव सांगून देत होती. खरं सांगतलं, आन् कोणी तिकडं इचारलं, तं लोक म्हणतीन, हे तं ते पंचायनं खोटी ठरवलेली.

हे म्या शालूले पहिल्यांदाच सांगतलं. ती जिनाच्या फाटकाले धरून उभी राह्यली. मंग म्हणे, "माय, म्हणून शाळंत माह्या नावापुढं गावच नव्हतं का?"

"म्हणूनच," म्या म्हणलं. "चाल, बस निंघन."

आष्टीचा बाजार

आष्टीच्या बसमंधी कंडक्टर तिकीट फाडत इचारे, "माय, बाजाराले का?"

"नाई, कारण आणाले," शालू बोलली.

"कारण? ते कोणत्या दुकानात भेटते? मले बी आणजा, बायको रोज मांगते."

बस हासली. पण जशी-जशी आष्टी जवळ आली तसं म्या तोंड खिडकीकडं केलं. संत्र्याचे बगीचे सुरू झाले. पिकल्या संत्र्याचा वास खिडकीतून यून राह्यला. म्या ही वाट पायी पाह्यली होती, पोरगी पाठीवर आन् डोक्यावर गाठोडं. तवा संत्रे दिसले का नाई, आठवत नाई.

बाजाराचा दिवस होता. ओल्या तुरीच्या शेंगा, लाल मिरच्या, जमिनीवर संत्र्याचे ढीग. एका ढिगामांगं पांढऱ्या केसाची, मोकळ्या कपाळाची बुढी बसली होती. तिनं मान वर केली. म्या ओळखली. माही जाऊ, पार्वताबाई. भासरे गेले, हे माह्या कानावर आलतं, पण तिले अशी पाहाची सवय नव्हती.

मले वाटलं तोंड फिरवन. तिनं संत्र्यावरून हात फिरवला, एक चांगलं निवडलं आन् पुढं केलं.

"आली व तू," म्हणे. जशी मी सकाळीच पाण्याले गेलती.

"आली."

"हे शालू?" तिनं शालूच्या गालाले हात लावला आन् हात तिथंच राहू देल्ला. लय येळ. म्या मनात म्हणलं, येवढी माया कुठून आली हिले? मंग समजलं, पण दुसऱ्या दिवशी.

संत्रे विकले गेले तशी तिच्या लेकानं, नामदेवनं, बंडी जुंपली. आमी गावाले पोचलो तवा दिवस बुडून राह्यला होता. तिनं सोल्याची भाजी केली, म्हंजे ओल्या तुरीच्या दाण्याची, वाटून, तिखट. ज्या घरात मी नवरी म्हणून आलती तिथंच पाहुणी म्हणून जेवली. चूल तीच, कोनाडा तोच. गावाकडची एक रीत मले चांगली वाटते, पाहुण्याले 'काऊन आले' असं जेवल्याबिगर इचारत नाई. पार्वताबाईनं जेवल्यावर बी नाई इचारलं. सकाळी म्हणे, "पाटलाकडं जाचं असंन. मी बी येतो."

पाटलाचं आंगण

दौलत पाटील, पाचातले उरलेले पंच, आंगणात उन्हाले बसले होते, घोंगडी पांघरून. डोळे गेलेले, कान चांगले.

"कोण व?"

"मी, सुभद्रा."

"कोणती सुभद्रा?"

"गूळ खाली ठेवलेली."

बुढ्यानं घोंगडी बाजूले केली. म्हणे, "लय उशीर केला व पोरी."

"उशीर कसा मामाजी? तुमी तं निकाल देऊन मोकळे झालते."

"गूळ नाई खाल्ला तं निकाल कसा झाला?" पाटलाचा आवाज चढला. "ज्यानं गूळ ठेवला त्याचं एक इचारणं बाकी राह्यते. त्यानं पंचाच्या दारी याचं आन् इचाराचं, काऊन? मंग पंचाले सांगा लागते. कोणी इचारलं नाई तं आपून होऊन सांगाचं नसते. हा आपला रिवाज. आमी पाची जण वाट पाहून राह्यलो. चार गेले वाट पाह्यता-पाह्यता."

माह्या डोळ्यापुढं ते लिंबाचं झाड आलं. गूळ ठेवला तवा मले वाटलं का मी दार लावून राह्यली. तं मी दार उघडं ठेवून गेलती, आन् मलेच मालूम नाई!

"मले कोणी सांगतलं नाई," म्या म्हणलं.

"बाया लिंबाखाली बसतच नव्हत्या," शालू हळूच बोलली. "त्यायले रिवाज कोण सांगन?"

"हे कोण?"

"माही लेक. कायदा शिकवते."

"कोणाले?"

"यंत्राले, बाबाजी," शालू म्हणे.

बुढा हासला, दात नाई तोंडात. "तुह्यं यंत्र गूळ खाते का व?"

"नाई खात. म्हणून तं त्याच्याकून कारण सांगून घ्या लागते."

"हे बराबर," पाटील म्हणे. मंग तोंड माह्याकडं केलं. "इचार."

एवढ्या वर्षाचं इचारणं. म्या पदर सावरला. शालूनं टेप चालू केला. तिची नोकरी त्या एका शब्दावर होती, माहं काय होतं ते मले सांगता येत नाई.

"काऊन?" म्या म्हणलं.

पाटलानं कान टवकारले. "पार्वता हाय का इथं?"

"हाय मामाजी."

"मंग तूच सांग. कारण तुह्यं हाय. म्या आजपावतर झाकून ठेवलं, आता तुह्या हवाली."

पार्वताबाई भिताडाले टेकून बसली होती. शालू टेप बंद कराले गेली तं ती म्हणे, "राहू दे चालू. एकदाच बोलीन." मंग माह्याकडं न पाह्यता बोलली.

"वावर तुह्यंच होतं व. सासऱ्यायनं वाटणी केली तवा धुऱ्यावर बोरीचं झाड म्याच लावलं, हद्द समजाले. पण हे दारू पेऊन म्हणत, पंचायनं तिले वावर देल्लं तं मायलेकीले इहिरीत लोटतो. एक दिवस नाई, रोज म्हणत. म्या इहिरीवर पाटलीणबाईले सांगतलं. त्यायनं पाटलाले सांगतलं."

"केलं असतं का त्यायनं?" शालूनं इचारलं.

"मले नाई मालूम पोरी. त्यायच्यासंग सारा जलम काढला, अजून बी मले नाई मालूम."

"आमी भेलो," पाटील म्हणे. "पोलीस आष्टीले, वाट बंडीची. वावर त्याले देल्लं तं ही जाईन, पोरगी जगन, असा इचार केला. लिंबाखाली कारण सांगतलं असतं तं पार्वतानंच सांगतलं हे त्याले समजलं असतं, आन् तिले त्याच घरात राहाचं होतं."

आता समजलं, आष्टीच्या बाजारात तिचा हात शालूच्या गालावर काऊन थांबला ते.

मी रडली नाई. पण गप बी नाई बसली. म्हणलं, "मामाजी, तुमी मले कोपऱ्यात घेऊन सांगतलं असतं, सुभद्रे, वावर तुह्यं हाय पण जीव घेऊन जाय, तं मी गेलीच असती. जिनात धूळ खाल्लीच असती, चादरी धुतल्याच असत्या. पण मी खरी होऊन गेली असती. तुमी मले जगवलं, आन् खोटी करून पाठवलं."

पाटलानं मान हालवली. म्हणे, "हो. ते आमच्याकून झालं."

आमच्यासंग आलेल्या नामदेवले बुढ्यानं उठवाले लावलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून लिंबापावतर गेले. निकाल जिथं देल्ला तिथंच पलटवा लागते म्हणे. दोन-चार बाया पाणी भरून येत होत्या, एक जण बैल सोडून राह्यला होता. तेवढ्या लोकायपुढं पाटील मोठ्यानं बोलले, "वावर सुभद्राचं होतं. ती खोटी नव्हती. आमी भेलतो." बैलवाला पाह्यत राह्यला. त्याले काई समजलं नाई. त्याचा जलमच मांगून झाला होता.

पार्वताबाई घरून गूळ घेऊन आली आन् माह्या हातावर ठेवला. "वावर घे व तुह्यं," म्हणे. नामदेव जमिनीकडं पाहून राह्यला. त्याचे लेकरं त्याच वावरावर जगते.

"मी कुठं आता पऱ्हाटी येचू?" म्या म्हणलं. "वावर नामदेवकडंच राहू दे. बोरीचे बोरं मातर दरसाल पाठवजो."

तशे आमी धुऱ्यावर गेलो. बोर एवढी मोठी झाली का तिच्या सावलीत बंडी उभी राहीन. बोरं आंबटगोड. शालूनं वटी भरून घेतली. इथं गार्ड वरडाले नव्हता.

गूळ म्या पदराच्या गाठीत बांधला. पार्वताबाईनं पाह्यलं. "नाई खात?"

"खाईन. सावकाश."

परत

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हंजे तुमाले रुखरुख नको. फागुनात मेट्रनबाईच्या खोलीत शालूचा फोन आला. नोकरी कायम झाली. भाषणात तिनं दोन्ही कारणं ठेवले म्हणे, यंत्राचं बी आन् पाटलाचं बी, कोणाचं नाव न घेता. एका सरानं इचारलं, "हे 'काऊन' सांगणारं यंत्र कोणासाठी?" शालू बोलली, "हारणाऱ्यासाठी. जिंकणारा कधी काऊन इचारत नाई." आन् यंत्रात तिनं एक नवीन नेम घातला. हारणाऱ्यानं इचारल्याबिगर मामला बंद म्हणाचा नाई, आन् इचाराचा हक्क हाय हे त्याले पहिलेच सांगाचं, रिवाज मालूम असो का नसो. आता धुलाईत कोणी इचारलं का शालू काय करते, तं हे सांगजा.

परत येताना त्याच लहान गाडीत बसलो. त्याच हरभऱ्यापासी गाडी उभी राह्यली, पण यावेळेस शालू उतरली नाई. माह्या पदराकडं पाहून राह्यली होती. इचारत नव्हती. पार्वताबाईच्या घरच्या रीतीवानी.

म्या गाठ सोडली. गुळाले पदराचे धागे चिकटले होते, ते काढले. अर्धा खडा तोडून तोंडात टाकला.

"कसा हाय माय?"

"मांगल्या सालचा हाय. खारट लागते," म्या म्हणलं. "दाताले बी चिकटला."

"मंग थुंकून टाक."

"नाई," म्या म्हणलं, आन् उरलेला अर्धा तिच्या हातावर ठेवला. "खाय."